‘आपत्कालीन लँडिंग’ नेमकं कधी म्हणायचं?

कसबा बावड्याच्या एका वाचकाचा प्रश्न असा आहे: पावसाळ्यात कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर ढग खाली आले, विमान उतरू शकलं नाही, घिरट्या घालून दुसऱ्या शहरात जाऊन उतरलं. एका बातमीत ‘आपातकालीन लँडिंग’ होतं, दुसरीत ‘आपत्कालीन’. बरोबर कोणतं?

रूपापुरतं उत्तर सोपं आहे. संस्कृत ‘आपद्’पासून मराठीत आपत्ती, आपद्ग्रस्त, आपत्काल हे शब्द आले, त्याच घरातलं विशेषण म्हणजे आपत्कालीन. ‘आपातकालीन’ हिंदीतून आलं. त्यातला ‘आपात’ पत् म्हणजे पडणे या धातूचा. विमानाच्या बातमीत तो तर नकोच.

पण विचारलेल्या प्रसंगात दोन्ही शब्द चुकीचे आहेत. पंचगंगेला पाणी आलं की राजाराम बंधारा बुडतो आणि माणसं दुसऱ्या पुलावरून जातात. त्या प्रवासाला कुणी आपत्कालीन म्हणत नाही. इथेही विमान ‘वळवलं’, एवढंच. पर्यायी विमानतळ उड्डाणाआधीच कागदावर ठरलेला असतो. तिथवर जाण्याचं इंधन आणि त्याशिवाय विमानतळाच्या १,५०० फूट वर ३० मिनिटं फिरत राहता येईल इतकं राखीव इंधन भरलेलं असतं. हे शेवटचं राखीव शाबूत ठेवून उतरता येणार नाही असा हिशेब निघाला, तर वैमानिकाला रेडिओवर ‘मे डे फ्युएल’, म्हणजे इंधनाचं संकट, जाहीर करावं लागतं. तिथून पुढे मात्र ‘आपत्कालीन’ शब्द खरा.

‘घिरट्या’ही खटकतो. घार सावज शोधत घिरट्या घालते. ताटकळणारं विमान मात्र शर्यतीच्या मैदानासारख्या लांबट वाटेने, नेमून दिलेल्या उंचीवर फिरतं: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. अर्धवर्तुळाला एक मिनिट, म्हणजे सेकंदाला तीन अंश. चार मिनिटांची एक फेरी. ‘फेऱ्या मारल्या’ म्हणावं, वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येत नाही.

आता मुख्य मुद्दा. रेडिओवर वैमानिक दोन वेगळे शब्द वापरतात, दोन्ही तीन-तीनदा उच्चारून. ‘मे डे’ म्हणजे धोका गंभीर आहे, मदत ताबडतोब हवी: केबिनमध्ये आग किंवा धूर, हवेचा दाब जाऊन १०,००० फुटांपर्यंत झपाट्याने खाली येणं. ‘पॅन पॅन’ म्हणजे काळजीचं कारण आहे, पण जीव टांगणीला नाही: उदाहरणार्थ, प्रवासी अत्यवस्थ आहे, लवकर उतरायचंय. पहिल्याला आपत्कालीन म्हणावं, दुसऱ्याला तातडीचं. मराठीत हे दोन शब्द आयते असताना सगळ्यांना एकाच रांगेत बसवणं मला अन्यायाचं वाटतं, कारण विमानात बसलेल्यांची घरची माणसंही बातमी वाचत असतात.

तिसरा प्रकार खबरदारीचा. इशाऱ्याचा दिवा लागला, यंत्र चालू आहे, पुढे जाता येईलही. तरी वैमानिक जवळच्या धावपट्टीवर उतरतो. ‘खबरदारी म्हणून उतरवलं’ हे शब्द त्याच्या निर्णयाला न्याय देतात.

चौथा प्रकार इंग्रजीतल्या ‘फोर्स्ड लँडिंग’चा. त्याचं भाषांतर सर्रास ‘सक्तीचं लँडिंग’ होतं. सक्तीला सक्ती करणारा लागतो. लढाऊ विमानांनी घेरून एखादं विमान खाली आणलं तर ‘सक्तीने उतरवलं’ बरोबर. पण १९८३ साली कॅनडात इंधन भरताना किलो आणि पौंडांचा घोळ झाला, बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं, आणि वैमानिकांनी ते इंजिनांविना गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. १५ जानेवारी २००९ ला न्यू यॉर्कमध्ये पक्षी धडकून एअरबस ए-३२० विमानाच्या दोन्ही इंजिनांची ताकद गेली. विमान हडसन नदीत उतरवलं, १५५ जण वाचले. हे ‘नाइलाजाने उतरवणं’. इथे कोसळलं, आदळलं हे शब्दही लागत नाहीत. ‘उतरवलं’ या क्रियापदात करणारा दिसतो, तो दिसायलाच हवा.

जाता जाता ‘संपर्क तुटला’. संकटात वैमानिकाचा क्रम ठरलेला: आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, मग बोलायचं. त्यामुळे नियंत्रण कक्षाला काही क्षण उत्तर मिळत नाही. ती शांतता म्हणजे तुटलेला संपर्क नव्हे. रेडिओ खरोखर बंद पडला तर वैमानिक ट्रान्सपॉन्डरवर (नियंत्रण कक्षाच्या रडारला विमानाचा सांकेतिक आकडा कळवणाऱ्या यंत्रावर) ७६०० लावतो, आपत्कालीन स्थितीसाठी ७७००. पहिला आकडा लागला असेल तर संपर्क तुटल्याचं लिहा, दुसरा असेल तर आपत्कालीन म्हणा.