पुंगळ्या वेचायच्या, पण कोणाच्या?

प्रश्न : भाऊ, मी भुसावळचा, रिटायर्ड. मुलगा टेक्सासला असतो, तिकडे गेलो की मला शूटिंग रेंजवर नेतो. झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तो गोळा करतो अन घरी मशीनवर परत भरतो. यंदा मदत म्हणून मी शेजारच्या लेनमधल्या पण उचलल्या, तर तो माणूस असा काही बघायला लागला की मुलगाच ओशाळला. खाली पडलेलं उचललं त्यात काय एवढं? अन आठवण म्हणून दोन-चार इकडे आणल्या तर चालतं का?

उत्तर : काय एवढं कसं, नाना? काडतुसात सगळ्यात महाग ती पुंगळीच. बारूद जळते, गोळी जाते, बारूद पेटवणारा प्रायमर वाया जातो, उरतं ते पितळ अन ते नीट असलं तर कितीदा तरी भरता येतं, तो शेजारी पण घरी भरत असेल तर तुम्ही त्याचा माल उचलला ना भो! आपल्याकडे शेंगा काढून झाल्यावर सरवा वेचतात, पण मालकाचं काम चालू असताना कोणी वावरात घुसत नाही. सरळ विचारायचं, तुम्ही ठेवणार आहात का? नको असलं तर लोक खुशीत देतात. काही रेंजवर मात्र खाली पडलं ते रेंजचं असा नियम असतो, अन त्यांच्या बादलीत पडलेलं तर नाहीच काढायचं, म्हणून आधी काउंटरवर विचारून घ्या.

फायरिंग लाइनच्या पुढे पडलेली पुंगळी कितीही चकाकत असो, सीझफायर म्हणजे सगळ्यांनी गोळीबार थांबवल्याचा पुकारा होईपर्यंत पाय पुढे टाकायचा नाही. शेजारचा नेम धरून उभा अन तुम्ही त्याच्या पायाशी वाकलेले, हे तर अजिबात नको. न उडालेलं काडतूस सापडलं तर रेंज ऑफिसरला दाखवा, खिशात टाकू नका. पॉइंट टू टूच्या (.२२ बोअरच्या) बारक्या पुंगळ्यांसाठी कंबर मोडू नका, त्यांचा प्रायमर कडेतच असतो अन बंदुकीची पिन लागून ती कड चेपते, घरी भरायला त्या कामाच्या नाहीत. अन हो, पुंगळ्यांना शिशाची पूड लागलेली असते, हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नका.

इकडे आणायचं मात्र डोक्यातून काढा. तिकडे स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन लागत नाही, इकडे काडतूस बनवायला लायसन लागतं अन १९५९च्या आर्म्स ॲक्टमध्ये काडतुसाचे भाग पण ॲम्युनिशनमध्येच धरलेत. जोडून वापरायचा इरादा नसेल तर किरकोळ भागांना कलम ४५ मध्ये सूट आहे खरी, पण ते कलम तुम्ही कोणाला समजावणार, एअरपोर्टवर बॅग अडवलेल्या साहेबाला? वरणगावची काडतुसांची फॅक्टरी तुमच्या शेजारीच आहे, तिथून रिटायर झालेल्या एखाद्याला विचारा, तो पण हेच सांगेल. आठवणच हवी तर तुम्ही भोकं पाडलेला टार्गेटचा कागद घेऊन या.