आजोबांची शिकारी रायफल पुन्हा चालू करता येईल का?

प्रश्न : गेल्या वर्षी आमचे आजोबा वारले. त्यांच्या नावावर परवाना असलेली, नळीवर ४५० हा आकडा आणि बर्मिंगहॅमचे शिक्के असलेली एकनळी शिकारी रायफल गावच्या वाड्यात चामडी पेटीत आहे. चापाखालची कळ ओढल्यावर मागचा ठोकळा खाली उतरायला हवा, पण तो अडकला आहे. सोबत सात जुनी काडतुसेही सापडली. पॉलिश पेपरने गंज काढून, ठोकळा ओळखीच्या लेथवाल्याकडून मोकळा करून घेतला, तर उसात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी ही रायफल वापरता येईल का?
— एक वाचक, जि. सांगली

उत्तर : रायफलीला हात लावण्याआधी तिचा ताबा कायदेशीर करून घ्यावा, कारण परवाना आजोबांच्या नावावर होता आणि तो वारसाकडे आपोआप येत नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे असे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. आपल्याकडे वर्ष उलटून गेले आहे. म्हणून आजोबांचा परवाना आणि मृत्यूचा दाखला घेऊन एखाद्या वकिलाला भेटावे, आधी पोलीस ठाण्याला कळवावे आणि ते सांगतील त्याप्रमाणे रायफल काडतुसांसह जमा करून पावती घ्यावी. त्यानंतर शस्त्र नियम, २०१६ मधील वारसांसाठीच्या तरतुदीनुसार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. इतर वारसांची ना-हरकत आधीच घेऊन ठेवली तर पुढची वणवण वाचते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात आणि वारशाने आलेली बंदूकही त्या दोनांतच मोजली जाते, हेही लक्षात असू द्यावे.

‘जुनी आहे, बंद आहे, मग परवाना कशाला?’ असे अनेक वाचक विचारतात. कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे खरी, पण दुरुस्त करूनही जे शस्त्र बंदूक म्हणून वापरता येणार नाही त्यालाच ती लागू होते. आपली रायफल दुरुस्त होऊ शकते असे आपणच लिहिता, म्हणजे सूट संपली. दुरुस्तीसाठीही कायद्याने स्वतंत्र परवाना लागतो. लेथवाला कितीही कसबी असला तरी ते काम त्याच्याकडे देऊ नये. शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडेच द्यावे.

त्या कारागिराला सर्वप्रथम नळीवरचे शिक्के वाचायला सांगावेत. बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहात प्रत्येक नळी जादा दाबाने तपासून मगच शिक्का मारला जाई, आणि रायफल काळ्या दारूसाठी बनलेली आहे की धूरविरहित दारूसाठी, हे त्या शिक्क्यांवरून कळते. चारशे पन्नासच्या, म्हणजे ०.४५० इंची मापाच्या रायफलीच्या बाबतीत हा फरक जिवावर बेतणारा आहे. १८९८ मध्ये रिग्बी या ब्रिटिश बंदूक-निर्मात्यांनी कॉर्डाइट ही धूरविरहित दारू भरलेले ४५० नायट्रो एक्स्प्रेस काडतूस आणले, ते काळ्या दारूच्या सव्वातीन इंची जुन्या काडतुसाच्याच पुंगळीवर. त्यामुळे नवे काडतूस जुन्या रायफलीत सहज बसते, पण त्याचा दाब जुन्या पोलादाला झेपत नाही. आपल्या सात काडतुसांपैकी एकही वापरण्याजोगे समजू नये, घरी खोलून तर मुळीच पाहू नये.

आता गंजाविषयी, आणि इथे माझा आग्रह आहे. पॉलिश पेपर लावू नका. पेपराने घासल्यावर निर्मात्याचे नाव, नक्षीकाम आणि नळीच्या वरच्या पट्टीवरील कोरीव अक्षरे बोथट होतात आणि ती पुन्हा आणता येत नाहीत. शंभर वर्षांत पोलादावर चढलेला गडद तपकिरी थर हा गंज नसून धातूचे संरक्षण करणारी साय आहे, ती राहू द्यावी. पुसल्यावर बोटाला लागणारी तांबडी भुकटी हाच चालू गंज. त्यावर पातळ तेल लावून दोन-तीन दिवस मुरू द्यावे आणि मऊ कापडाने हलकेच टिपावे, हे पुन्हा पुन्हा करावे. अक्रोडाच्या दस्त्यावर वॉर्निश चढवू नये; जवसाच्या तेलाचे अगदी पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा, एवढे पुरते. अडकलेला ठोकळा बहुधा गोठलेल्या जुन्या तेलाने आणि गंजाने धरला असावा, त्यामुळे ठोकाठोक न करता कारागिराने तेल मुरवूनच तो मोकळा करावा आणि स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारेच पेचकस वापरावे. हे सर्व परवाना हाती आल्यावर, आणि रायफल रिकामी असल्याची खात्री कारागिराने केल्यावरच.

चामडी पेटी वेगळी ठेवा. चामडे ओल धरते आणि पावसाळ्यात पोलाद त्यातच सर्वाधिक गंजते.

रानडुकरांबाबत थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमानुसार पिकाची हानी करणारा प्राणीसुद्धा वनविभागाच्या अधिकृत लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. बंदुकीचा परवाना म्हणजे ती परवानगी नव्हे. माझ्या मते ही रायफल या कामासाठी काढूच नये. ठोकळा पूर्वीसारखा सरकावा, चाप हलका चालावा, नळीतले पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, स्वच्छ दिसावेत, एवढ्यापर्यंत तिला आणावे आणि गोळी झाडण्याचा विचार सोडून द्यावा.

आजोबांचा जुना परवाना, खरेदीची पावती, रायफलीसह त्यांचे एखादे छायाचित्र असेल तर तेही, रायफलीच्या क्रमांकासह एकाच पाकिटात जपून ठेवा. कोरीव नावाइतकाच हा कागदही तिचा भाग आहे, आणि जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयात आपल्याला सर्वांत आधी तोच विचारला जाईल.