'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' या व्हिडिओ गेममध्ये 'पोकेमॉन स्टेडियम २' या मैदानाने लढत चालू असताना रूप बदलू नये यासाठी काय करावं?

सामन्याच्या नियमांमध्ये जाऊन 'स्टेज हॅझर्ड्स' (मैदानातले बदल आणि अडथळे) बंद करा. मग स्टेडियम शेवटपर्यंत मूळ रूपातच राहतं, म्हणजे सपाट जमीन आणि दोन बाजूंना दोन छोटे प्लॅटफॉर्म. हॅझर्ड्स चालू असले की ते आळीपाळीने बर्फ, वीज, जमीन आणि उड्डाण अशी रूपं घेतं. यातलं उड्डाणाचं सगळ्यात वैतागवाणं, कारण वाऱ्यामुळे सगळेच तरंगत राहतात आणि चांगला रंगलेला डाव विस्कटतो. बर्फावर निदान घसरत घसरत का होईना, लढता तरी येतं! स्पर्धांमध्येही हे स्टेडियम हॅझर्ड्स बंद ठेवूनच खेळतात. ओमेगा रूप (मैदानाची पूर्ण सपाट आवृत्ती) निवडलंत तरी बदल थांबतात, पण त्यात ते दोन प्लॅटफॉर्म जातात.

एक लक्षात ठेवा, ही सोय २०१८ च्या अल्टिमेटमधली आहे. याच मालिकेतल्या २००१ च्या 'मेली' या गेममध्ये असं बटणच नाही. तिथल्या जुन्या 'पोकेमॉन स्टेडियम'वर आग, पाणी, गवत, खडक ही रूपं येणारच. खडकाच्या रूपात भिंतीआड दडून बसणारा प्रतिस्पर्धी भेटला, तर मूळ रूप परत येईपर्यंत थांबणंच बरं.