'साधारण स्वरूप' म्हणजे किती?

प्रिय विद्यार्थिनीस,
आशीर्वाद.

शेजारच्या लॅबमधल्या मित्राने सहकारी मुलीचा न छापलेला डेटा तुला दाखवला आणि तुझं अडलेलं मॉडेल जुळलं. 'मी काही चोरलं नाही, त्यानेच दाखवला,' असं लिहितेस. खरंय. फ्रान्सिस क्रिकबरोबर डीएनएच्या रचनेचं मॉडेल मांडणाऱ्या जेम्स वॉटसननेही चोरी केली नव्हती.

फोटो ५१, डीएनएचा तो क्ष-किरण फोटो, तुला माहीत आहेच. मे १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात रोझालिंड फ्रँकलिनच्या हाताखाली रेमंड गॉस्लिंगने तो घेतला. फ्रँकलिन कॉलेज सोडणार म्हणून गॉस्लिंग पुन्हा तिथल्याच मॉरिस विल्किन्सकडे आला, फोटोही आला. जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्सने तो वॉटसनला दाखवला. लोक इथेच दात-ओठ खातात. मला त्याहून खटकतो तो अहवाल.

किंग्जच्या कामाचा हा आढावा संशोधनाला पैसा देणाऱ्या मेडिकल रिसर्च कौन्सिलसाठी लिहिलेला होता. तो मॅक्स पेरुट्झकडून केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिकच्या हाती गेला. त्यात फ्रँकलिनची मोजमापं होती, स्फटिकाची सममिती होती. त्यावरून क्रिकने ताडलं की दोन साखळ्या उलटसुलट दिशांनी जातात. अहवाल गोपनीय नव्हता. पण निदान किंग्जचे विभागप्रमुख रँडल यांना विचारायला हवं होतं, हे पेरुट्झने १९६९ मध्ये कबूल केलं.

आता २५ एप्रिल १९५३ च्या 'नेचर'मधला वॉटसन-क्रिकचा आभाराचा भाग वाच. विल्किन्स, फ्रँकलिन वगैरेंच्या अप्रकाशित निष्कर्षांच्या 'साधारण स्वरूपा'च्या माहितीने चालना मिळाली म्हणे! हातात नेमके आकडे होते की गं. त्याच अंकात फ्रँकलिन-गॉस्लिंगचा स्वतंत्र लेख आहे, पण दुसऱ्यांच्या मॉडेलला दुजोरा दिल्यासारखा शेवटी. आकडे आमच्याकडे आहेत हे किंग्जमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं, असं वॉटसनने स्वतःच लिहिलं, तेही १९६८ मध्ये. फ्रँकलिन १९५८ मध्येच गेली होती, सदतिसाव्या वर्षी.

तुझ्या पोस्टरच्या मसुद्यात 'वैयक्तिक चर्चेतून' असं आहे. तरुणपणी मीही हेच दोन शब्द एका तळटीपेत घातले होते. ज्याचा डेटा होता, त्याला ते छापून आल्यावर कळलं. नंतर कॉन्फरन्समध्ये तो माझ्याशी हवापाण्याचंच बोलायचा.

आधी मित्राला सांग, नाहीतर तो बिचारा तोंडघशी पडेल. मग आजच त्या मुलीला लिही: कुठला आलेख पाहिला, त्यातून काय घेतलं, कुठे वापरायचंय. तिला सहलेखक व्हायचंय का, तेही विचार. ती नको म्हणाली तर पोस्टर मागे घे. आयोजकांशी मी बोलतो, तारीख कळव.

तुझा,
सर