सोयाबीनच्या गाठीत नत्राची विकरे नेमकी कुठे असतात?

प्रश्न : सोयाबीनच्या मुळावरची गाठ कापली की आत गुलाबी दिसते. हा रंग म्हणजेच नत्र स्थिर करणारे विकर (एन्झाइम) का? अमोनियावरच्या पुढच्या क्रियाही त्याच पेशीत होतात का?

उत्तर : गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन या प्रथिनाचा. ते झाडाच्या पेशीद्रवात असते आणि जिवाणूंना बेताचाच प्राणवायू पोचवते. हवेतला नत्र फोडणारे नायट्रोजिनेज जिवाणूंच्या आत, म्हणजे बॅक्टेरॉइडमध्ये (गाठीतल्या पेशीत राहणाऱ्या जिवाणूच्या रूपात) असते. प्राणवायू वाढला की ते निकामी होते. म्हणून गुलाबी रंग नसलेली, पांढरी किंवा हिरवट गाठ कामाची नाही. गाठ कापल्याबरोबर पाहा, उघडी ठेवली की रंग काळपट होतो. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. खुरप्याने ढेकळासकट काढा आणि पाण्यात भिजवून माती सुटू द्या.

एका नत्र रेणूमागे 16 एटीपी (पेशीचे ऊर्जा देणारे रेणू) खर्चून 2 अमोनिया मिळतात. बॅक्टेरॉइडभोवतीचे पटल झाडाचेच असते. ते ओलांडून अमोनिया पेशीद्रवात येतो. तिथे झाडाचे ग्लुटामीन सिंथेटेज हे विकर अमोनियाला सेंद्रिय रेणूत बांधते. त्याचे जोडीदार ग्लुटामेट सिंथेज मात्र लवकांमध्ये (पेशीतली एक प्रकारची अंगके), आणि ज्यांपासून पुढे युरिक आम्ल बनते ती प्युरिन संयुगेही मुख्यतः तिथेच तयार होतात.

इथून पुढे पेशीच बदलते, आणि पुस्तकांत बहुधा हेच सुटते. जिवाणूंनी भरलेल्या मोठ्या पेशींच्या मधे लहान, जिवाणू नसलेल्या पेशी असतात. युरिक आम्लाचे रूपांतर करणारे युरिकेज या लहान पेशींच्या पेरॉक्सिझोम नावाच्या अंगकात असते. त्याला प्राणवायू लागतो आणि जिवाणूंच्या पेशीत तो फारच कमी. तयार झालेल्या अलँटॉइनचे अलँटॉइक आम्ल करणारे अलँटॉइनेज याच पेशींच्या अंतर्द्रव्य जालिकेत (पेशीतले पटलांचे जाळे). अलँटॉइनमध्ये 4 कार्बनमागे 4 नत्र, अॅस्परॅजिन या अमिनो आम्लात 4 कार्बनमागे 2 च. त्यामुळे नत्र अशा रूपात वर पाठवणे झाडाला स्वस्त पडते.

पातळ काप टोल्युइडिन ब्ल्यूने रंगवला तर मोठ्या पेशी गडद आणि मधल्या फिकट दिसतात. गाठ नुसत्या पाण्यात वाटली तर अंगके फुटतात आणि युरिकेज पेशीद्रवात असल्याचा भास होतो. वाटण हलक्या हाताने, थंड, बफर केलेल्या (आम्लता स्थिर राखलेल्या) साखरेच्या द्रावणात करा.

प्रश्न : हरभऱ्यातही असेच होते का?

उत्तर : नायट्रोजिनेज बॅक्टेरॉइडमध्येच. पण हरभरा आणि वाटाणा नत्र मुख्यतः अॅस्परॅजिनच्या रूपात वर पाठवतात. तूर, मूग आणि चवळी सोयाबीनच्या वाटेने जातात.