कांचनाबुरीला पहिल्यांदा जाताय?

बँकॉकहून सकाळी येऊन रात्री परत, हा बेत आधी मोडा. निदान दोन रात्री ठेवा.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैदी आणि मजुरांकडून थायलंड ते बर्मा रेल्वे बांधून घेतली, तिच्या क्वाई नदीवरच्या पुलावर सगळे सेल्फी काढून निघून जातात. तुम्ही जरा थांबून कमानी बघा. गोल कमानी मूळच्या आहेत आणि मधल्या दोन सरळसोट कोनाच्या, म्हणजे बॉम्बहल्ल्यात पडलेल्या जागी युद्धानंतर बसवलेल्या. मग शहरातल्या युद्धकैद्यांच्या मोठ्या दफनभूमीबरोबर क्वाई नोई नदीकाठची चुंगकाईही बघाच. तिथे गर्दी नसते. युद्धकैद्यांच्या छावणीतलं इस्पितळ तिथेच होतं. थडग्यांवरची वयं वाचा, बावीस, चोवीस... पुढे पाय उचलत नाही. ही ४१५ किलोमीटरची रेल्वे १९४३ मध्ये पुरी झाली. कैद्यांहून कितीतरी जास्त आशियाई मजूर त्यात मेले, मलायातले तमिळ त्यात पुष्कळ. त्यांच्या नावाची अशी ओळीने थडगी मात्र नाहीत. मला तरी हेच जास्त लागलं.

नाम टोक या शेवटच्या स्टेशनाकडे याच रेल्वेने जा आणि डावीकडची खिडकी धरा. कड्याला चिकटलेल्या लाकडी पुलावरून गाडी रांगत जाते. स्टेशनाजवळ साई योक नोई धबधबा आहे, तासाभरात होतो.

एरावान धबधब्याला मात्र अख्खा दिवस द्या. सात टप्पे आहेत आणि वरचे दुपारीच बंद करतात, म्हणून आधी थेट वर चढा, डुंबायचं उतरताना. चप्पल नको, पकड असलेले बूट घाला. आणि हो, पाण्यातले मासे पायाला लुचतात. दचकून घसरू नका, मी घसरलोय.