घरच्या कोंबड्यांमध्ये दोन कोंबडे ठेवावेत का?

नऊ कोंबड्या आहेत, दोन नर आहेत, दोन्ही ठेवू की एक काढू, असं तुम्ही विचारलंय. एक काढा. आठ-दहा कोंबड्यांमागे एक नर पुरतो, हे पशुवैद्यही सांगतात आणि आमच्या सासूबाईही. नुसती खायला अंडी हवी असतील तर एकाचीही गरज नाही, हे तुम्हाला माहीत असेलच.

इथेच थांबले असते. पण "घरचे म्हणतात दोन असले की पिल्लं जास्त होतात" हे तुमचं वाक्य वाचलं आणि राहवेना. असे एक घरचे आमच्याकडेही आहेत. थोरले भावोजी. राहतात डोंबिवलीला, गावी येतात शिमग्याला आणि गणपतीला, आणि येताना कोंबड्यांविषयीचं सगळं ज्ञान तिकडूनच घेऊन येतात.

आमचं गाव संगमेश्वर तालुक्यात. खुराड्यात तेव्हा तांबडा होता आणि त्याच्याच पिल्लांतला, त्याच्या पायाशी वाढलेला काबरा होता. म्हणजे दोन नर माझ्याकडेही होते आणि गुण्यागोविंदाने होते. काबऱ्याला आपली पायरी ठाऊक होती. तांबडा दाणा सापडला की कुक-कुक करून कोंबड्यांना हाक मारायचा. काबरा तेच करायचा, पण आवाज न काढता, नुसती मान खालीवर करून, तीसुद्धा तांबड्याची पाठ वळलेली असताना. पहाटे आधी तांबडा आरवणार, मग काबरा. जपानी संशोधकांनी 2015 मध्ये हेच दाखवून दिलं की कळपातला वरचढ कोंबडा पहिला आरवतो आणि बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे त्याच्यामागून. तुमच्या दोघांत मालक कोण हे बघायचं असेल तर दिवसा त्यांच्यामागे फिरू नका, पहाटे अंथरुणातूनच ऐका.

एका शिमग्याला भावोजी असील जातीचा कोंबडा घेऊन आले. उंच, लांब मानेचा, अंगावर पिसं कमी, चाल अशी की ओटीवर पाव्हणा आल्यासारखा वाटावा. "आपली गावठी जात खुजी झाली, रक्त सुधारूया," म्हणाले. मी म्हटलं, दोन नर आहेत, तिसरा कशाला? तर म्हणे जितके नर जास्त तितकी पिल्लं जास्त. आणि रात्री अंधारात त्याला खुराड्यात सोडला. सकाळी सगळी एकत्र उठली की ओळख पटते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तलंगांच्या, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांच्या बाबतीत ते खरं आहे, मीही तसंच करते. पण वाढलेल्या नराच्या बाबतीत साफ खोटं.

दोन गावठी कोंबडे भांडले तर एकाने माघार घेतली की दुसरा चार पावलं पाठलाग करतो आणि विषय संपतो. असील पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठीच निवडत आणलेली जात. समोरचा पळाला तरी तो सोडत नाही. त्यातून खुराड्याचं दार बंद, पळणार कुठे? उजाडता दार उघडलं तर तांबड्याचा तुरा फाटलेला, एक डोळा मिटलेला, आणि काबरा सगळ्यात वरच्या दांडीवर अंग चोरून बसलेला. मी तांबड्याला हळद लावत होते आणि भावोजी मागे उभे राहून म्हणत होते, "बघ, जात म्हणजे काय असते." चार दिवसांनी पालखी झाली आणि ते डोंबिवलीला गेले. कोंबडा इथेच.

पुढचं सगळं कोंबड्यांनी भोगलं. सारखं कुणीतरी पाठीवर चढायचं, पाठीची पिसं गेली, कातडी उघडी पडली. दाणा टाकला तरी खाली उतरेनात. अंडी खुराड्यात घालायच्या सोडून गवताच्या उडवीत लपवायला लागल्या, आणि ती मुंगसाच्या वाट्याला. पिल्लांचं म्हणाल तर खुडूक कोंबडीखालची अंडी सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितली, निम्म्याहून अधिक कोरी, आत बीजच धरलेलं नाही. कारण सरळ आहे. एक चढला की दुसरा धावून त्याला पाडतो, आणि धड कुणाचंच काम होत नाही. मी फोनवर सांगितलं तर भावोजी म्हणाले अंडी शिळी असतील. अंडी मी ठेवली होती हो, त्यांनी नाही.

असीलला शेवटी डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या टोपलीखाली कोंडला. तर पलीकडच्या वाडीतली पोरं झुंजीसाठी मागायला आली. कोंबड्यांची झुंज लावणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी दिला नसता. पावसाच्या तोंडावर राखण द्यायची, म्हणजे गावच्या राखणदाराला कोंबड्याचा मान द्यायची वेळ आली, कोंबडा हवा होता. सासूबाई म्हणाल्या, तो उंचाडा द्या. गणपतीला भावोजींनी आल्या आल्या डालगं उचलून बघितलं. जातिवंत जनावर वाया घालवलं, हे ते आजही चार लोकांत ऐकवतात. वाया कसं? राखणदाराने तक्रार केलेली नाही, आणि प्रसादाचा रस्सा ज्यांनी खाल्ला त्यांनीही नाही.

तर तुमचे दोघे एकत्र वाढलेले असतील, रक्त निघत नसेल, कोंबड्यांच्या पाठी शाबूत असतील, तर उद्याच सुरी काढायची घाई नाही. आमच्याकडे कोकणात राखणेला, गटारीला, पाव्हण्यांना म्हणून एखादा जादा नर असतोच. पण तो राखीव, त्याला वेगळं ठेवायचं. मोकळं परसू असेल, वीस-पंचवीस कोंबड्या दिवसभर रानात चरत असतील, तर दोन नर चालतात, दोघांचे दोन गट पडतात, आणि घार दिसली की ओरडणारा एक जास्त मिळतो. नऊ कोंबड्या आणि जाळीचा खुराडा असेल तर मात्र माझं उत्तर बदलत नाही.

कुठला ठेवायचा? नुसता आकार बघू नका. कोंबड्यांना बोलावून दाणा देणारा ठेवा, लहान मुलांच्या अंगावर येणारा आधी काढा. दोघे सख्खे भाऊ असतील तर दोन ठेवून रक्त बदलत नाही, हे घरच्यांना सांगा. रक्त बदलायचं तर दीड-दोन वर्षांनी शेजारच्या गावातल्या कुणाशी कोंबडा अदलाबदल करायचा, जुना आधी द्यायचा आणि मग नवा सोडायचा. नवा आल्यावर तीन आठवडे जाऊ द्या आणि मगच अंडी उबवायला ठेवा, कारण आधीच्या नराचं बीज कोंबडीच्या पोटात दोन आठवडेसुद्धा टिकतं. नाहीतर पिल्लं जुन्याची निघतील आणि नाव नव्याचं होईल.

आणि बाहेरून आलेला कोंबडा, कुणीही आणलेला असो, डोंबिवलीहून आणलेला असला तरी, पहिले दोन-तीन आठवडे वेगळा ठेवा. मानमोडी (राणीखेत रोग) आली तर एक नर की दोन हा प्रश्नच उरत नाही, सगळा खुराडा रिकामा होतो. लस सरकारी दवाखान्यात विचारा. कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा फोडली की ठेवता येत नाही, म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी द्यायची.